एक राजपुत्र आणि चुकण्याची किंमत

सोलापुरी चादरीवरची नक्षी कशी घडते हे आमच्या भागातल्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. नक्षीकार चौकटीच्या कागदावर फूल किंवा मोर काढतो. कागदावरचा प्रत्येक चौकोन एकतर भरलेला असतो, नाहीतर रिकामा. त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. पट्ट्यांची ही माळ मागावरच्या जॅकार्ड यंत्रातून फिरू लागली की भोक असेल तेथे उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पट्टी, असे करत करत मोर कापडावर उतरतो. चादर उलटी करून पाहिली तर तोच मोर रंगांची अदलाबदल होऊन पुन्हा दिसतो. पट्ट्या त्याच, चित्रे मात्र दोन.

१९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर माणूस काढायचा तोही याच रीतीने. पडदा म्हणजे चौकटीचा कागद, आणि त्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक चौकोन, पेटलेला किंवा विझलेला. फरक एवढाच की चादरीवरच्या मोराला जागचे हलायचे नसते, पडद्यावरच्या माणसाला मात्र धावायचे असते. आणि धावायचे म्हणजे प्रत्येक पावलाला नवे चित्र हवे. अशा चौकोनांतून घडलेल्या एका राजपुत्राचा, म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या साहसी खेळाचा आणि त्याच्या पुढच्या भागांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. विज्ञानाच्या मासिकात संगणकावरच्या खेळाला जागा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या खेळाच्या जवळजवळ प्रत्येक भागाने एकच प्रश्न नव्याने हाताळला आहे. खेळणारा चुकला, तर त्या चुकीची किंमत किती असावी? वर्गात रोज हाच प्रश्न सोडवणाऱ्यांना हा इतिहास परका वाटू नये.

वाहनतळावर धावणारा भाऊ

धावणाऱ्या प्राण्याचे पाय नेमके कसे पडतात हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत कॅमेऱ्यांची रांग लावून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा कुठे घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात याची खात्री पटली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली याच्या उलट वाट धरली. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी एकेक चित्र घेत टिपली आणि काही दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. तत्त्व दोन्हीकडे एकच. हालचालीचे तुकडे करायचे आणि ते हवे त्या वेगाने पुन्हा जोडायचे. पुढे मॅक्स फ्लायशर यांनी आणखी एक पाऊल टाकले. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करायचे, त्यातली एकेक चौकट काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून ती गिरवायची. 'रोटोस्कोप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनाचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले.

जॉर्डन मेकनर हा अमेरिकी तरुण येल विद्यापीठात शिकत असताना ही युक्ती त्याने संगणकावर आणली. आपल्या कराटेच्या शिक्षकाच्या हालचाली त्याने लहान फिल्मवर टिपल्या, गिरवल्या आणि त्यांतून 'कराटेका' हा खेळ १९८४ साली निघाला. नंतर १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावायला, उडी मारायला आणि भिंतीवर चढायला लावले व त्याची ध्वनिचित्रफीत घेतली. ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लावायची, एकेका चौकटीवर थांबवायची, पडद्याचेच छायाचित्र घ्यायचे, ते धुऊन आणून त्यावरची आकृती काळ्या शाईने ठळक करायची आणि मग ती संगणकात घालायची. आज मोबाइलवर बोटाच्या टोकाने होणाऱ्या या कामाला तेव्हा महिने लागले. तलवारबाजीसाठी मेकनरला कोणी तलवारबाज मिळाला नाही. त्याने १९३८च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातले शेवटचे द्वंद्व शोधले, त्यात एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन बाजूने नीट दिसतात अशा काही सेकंदांचा तुकडा निवडला, आणि तोच गिरवला.

१९८९ साली 'ॲपल टू' या संगणकावर खेळ बाहेर पडला. राजपुत्र तळघरात कैद आहे, दुष्ट वजीर जाफर याने राजकन्येला एक तासाची मुदत दिली आहे, आणि तेवढ्या वेळात तळघरातून मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे आहे. हा तास घड्याळाचा खरा तास. खड्ड्यात पडलात, सुळ्यांवर आपटलात किंवा पहारेकऱ्याच्या तलवारीला बळी पडलात, तर तो टप्पा पहिल्यापासून सुरू. शिवाय गेलेला वेळ परत नाही. चुकीची किंमत दुहेरी होती.

अडचणीतून जन्मलेली छाया

'ॲपल टू'चा प्रक्रियक म्हणजे ६५०२ ही चिप, वेग सेकंदाला साधारण दहा लाख ठोके. आमच्या वाचकांपैकी जुन्या शिक्षकांना आठवत असेल, १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले होते. त्यांतही हीच चिप होती. अशा संगणकाची स्मृती इतकी तोकडी की आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. भावाच्या हालचालींच्या चित्रांनीच ती भरून गेली. डावीकडे पाहणारा राजपुत्र आरशात उलटवून उजवीकडे पाहणारा करता येई, म्हणून निम्मी जागा वाचली. पण शत्रूंच्या चित्रांना जागाच उरली नाही. मेकनरची सहकारी टोमी पिअर्स त्याला सतत सांगत होती की लढाईवाचून हा खेळ कोरडा वाटतो. तिचे म्हणणे बरोबर होते, पण जागा कोठून आणणार?

येथे मेकनरने जे केले ते आम्हाला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर पान वाटते. राजपुत्राचेच चित्र घ्यायचे, ते एका बिंदूने बाजूला सरकवायचे आणि मूळ चित्राशी त्याची 'वेगळे की सारखे' अशी तुलना करायची. दोन्हीकडे सारखेच असेल तर ०, वेगळे असेल तर १. तर्कशास्त्रात या क्रियेला 'एक्स-ऑर' म्हणतात. चौकटीच्या कागदावर कोणीही हे करून पाहावे. चित्राची एक ओळ समजा ००११११०० अशी आहे. ती एक घर उजवीकडे सरकवली की ०००११११० होते. आता घरांना घर भिडवून तुलना केली की उरते ००१०००१०. मधला भरीव भाग नाहीसा झाला, फक्त दोन कडा राहिल्या! म्हणजे राजपुत्राच्या भरीव आकृतीतून एक चमचमणारी, पोकळ आकृती मिळाली, आणि तीही नवे एकही चित्र न साठवता. चादरीच्या उलट्या बाजूसारखेच हे, पट्ट्या त्याच आणि चित्र दुसरे.

ही आकृती म्हणजे राजपुत्राची छाया. खेळात एका ठिकाणी वाटेत आरसा आडवा येतो. राजपुत्र धावत जाऊन त्यातून पलीकडे उडी मारतो, आणि त्याच क्षणी त्याची छाया त्याच्यापासून सुटून उलट दिशेने पळते. पुढे ती त्याच्यासाठी ठेवलेले औषध पिऊन टाकते, आयत्या वेळी दार बंद करते. शेवटी ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिला घाव घातला की आपलीच शक्ती कमी होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचे. मग दोघे एक होतात. हे कथानक आधी लिहून मग त्यासाठी चित्रे काढलेली नाहीत. जागा नव्हती म्हणून युक्ती निघाली, आणि युक्तीने कथानक घडवले. यानंतर आज्ञावलीत आणखी काटकसर करून मेकनरने पहारेकऱ्यांनाही जागा करून दिली, ही गोष्ट वेगळी.

'ॲपल टू' तोवर मावळतीला लागला होता, त्यामुळे सुरुवातीला खेळ फारसा खपला नाही. इतर संगणकांवरच्या आवृत्त्यांनी त्याला जगभर नेले. १९९० साली आलेली डॉस आवृत्ती फ्लॉपीवर चढून आपल्याकडेही पोहोचली. सोलापुरात संगणकाचे वर्ग सुरू झाले त्या काळात आम्ही शाळेत होतो. हिरव्या-काळ्या अक्षरांच्या त्या पडद्यावर 'प्रिन्स' हा शब्द टाइप केला की काय होते हे मुलांना अभ्यासक्रमाच्या आधी कळे. 'प्रिन्स मेगाहिट' असे टाइप केले की टप्पे ओलांडून पुढे जाता येते, ही खबर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पोहोचायला दूरध्वनीचीही गरज पडत नसे. मूळ खेळात पहिल्या टप्प्यानंतर छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर विचारले जाई. ती पुस्तिका आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नव्हती.

दुसरा भाग आणि सुबत्ता

१९९३ साली दुसरा भाग आला. 'छाया आणि ज्योत' असे त्याचे उपनाव. मेकनरने आराखडा आणि कथा सांभाळली, आज्ञावली मात्र इतरांनी लिहिली. कोणता बदल झाला? पहिल्या भागात दगडी भिंतींच्या आत कोंडलेला राजपुत्र आता खिडकीतून उडी मारून शहराच्या गच्च्यांवरून धावतो, जहाज गाठतो, बेटावरच्या गुहांत सापळ्यांशी लढतो, उडत्या गालिच्यावर बसतो. पहिल्या भागात एका वेळी एकच शत्रू समोर येई. येथे चार-चार जण येतात आणि दोन्ही बाजूंनी घेरतात. तासाऐवजी ७५ मिनिटे मिळतात. २५६ रंगांचा पडदा तोवर सर्रास झाला होता, त्याचा चित्रकारांनी पुरेपूर उपयोग केला. आणि जी छाया पहिल्या भागात नाइलाजाने आली होती ती येथे नावातच जाऊन बसली. शेवटी राजपुत्र आपली छाया स्वतःहून शरीरापासून वेगळी करतो.

या भागाला आम्ही चांगला पुढचा भाग म्हणू, पण थोर नाही. त्याने देखावे वाढवले, शत्रू वाढवले, प्रवास लांबवला. चुकण्याची किंमत मात्र जशीच्या तशी ठेवली. घेरणारे शत्रू चार झाल्यावर ती किंमत उलट जास्तच जाणवते. मागच्या पुस्तकात धडे वाढवायचे आणि परीक्षा तीच ठेवायची, असा हा प्रकार.

१९९९ साली तिसऱ्या मितीत उतरलेला भाग आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत दोषच इतके होते की त्यावर येथे अधिक लिहिण्यासारखे नाही.

मागे फिरणारा काळ

खरा पालट २००३ साली झाला. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल शाखेत पात्रीस देझिले यांच्या नेतृत्वाखाली 'सँड्स ऑफ टाइम', म्हणजे काळाची वाळू, हा खेळ तयार झाला. मेकनर लेखक म्हणून त्यात सामील झाला. आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. या कथेची सुरुवात भारतात होते. इराणची फौज एका महाराजाच्या महालावर हल्ला करते, राजपुत्र तेथून एक खंजीर उचलतो, आणि कैद झालेली महाराजाची मुलगी फराह पुढे त्याची सोबतीण होते.

या खंजिराच्या मुठीत वाळू भरलेली आहे. राजपुत्र कड्यावरून पडला, तर खेळणाऱ्याने एक कळ दाबून धरायची. काळ मागे फिरू लागतो, पडलेला राजपुत्र उलटा वर जातो, आणि हव्या त्या क्षणी बोट उचलले की तेथून खेळ पुन्हा सुरू. मागे जाता येते ते सुमारे १० सेकंदच, आणि प्रत्येक वेळी वाळूचा एक साठा खर्ची पडतो. वाळू परत मिळवायची तर शत्रूंना हरवावे लागते. किंमत आहे, पण ती परवडणारी आहे. वाळू संपली असताना राजपुत्र मेलाच, तर गोष्ट सांगणारा त्याचाच आवाज म्हणतो की छे, असे घडले नव्हते, मी चुकीचे सांगितले. कारण सारा खेळ म्हणजे राजपुत्राने कोणाला तरी सांगितलेली हकिकत आहे!

संगणकाला काळ उलटा फिरवता येतो तो कसा? फुटलेले मडके पुन्हा जोडायचे, तर गतीची समीकरणे उलटी चालवून सहसा भागत नाही. टक्कर झाली, तुकडे उडाले, की आधीची अवस्था त्यांत शोधून सापडत नाही. म्हणून नोंद ठेवावी लागते. अशा कामाची नेहमीची रीत अशी. दर क्षणाला प्रत्येक पात्र कोठे आहे, कोणत्या पवित्र्यात आहे, कोणते दार उघडे आहे, एवढेच टिपून ठेवायचे. नोंदींसाठी ठरावीक घरांची एक गोल माळ करायची. माळ भरली की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी बसते. त्यामुळे जागा कधी वाढत नाही आणि शेवटचे काही सेकंद कायम हाताशी राहतात. या खेळाच्या मुख्य यंत्राची, 'प्लेस्टेशन टू'ची, मुख्य स्मृती ३२ मेगाबाईट होती. तीत राजवाडा, पात्रे आणि आवाज सांभाळून ही माळही बसवायची होती. दहाच सेकंद का, याचा अंदाज यावरून बांधता येतो. पण मर्यादा पुन्हा कामी आली. अमर्याद मागे जाता आले असते, तर जपून पाऊल टाकायचे कारणच उरले नसते.

२००४ सालचा पुढचा भाग लढाईच्या बाबतीत सरस ठरला. दोन हातांत दोन शस्त्रे, शत्रूचे शस्त्र हिसकावणे, भिंतीचा आधार घेऊन वार, हे सारे त्यात खुलले. कथेलाही एक चांगली कल्पना सुचली होती. काळाशी खेळल्याबद्दल दहाका नावाचा रक्षक राजपुत्राच्या मागे लागतो. पण सूर उगाच काळवंडला, राजपुत्र चिडका झाला, अशी तक्रार अनेकांनी केली आणि ती आम्हालाही पटते. मेकनर या भागात नव्हता. २००५ साली तिसऱ्या भागाने ही त्रयी पुरी केली. याच मालिकेचा आणखी पुढचा भाग म्हणून सुरू झालेले काम वाट बदलून 'असॅसिन्स क्रीड' हा निराळाच खेळ झाले. तो २००७ साली आला आणि मूळ मालिकेपेक्षा मोठा झाला.

२००८ साली पुन्हा नव्याने सुरुवात करताना कर्त्यांनी चुकीची किंमत जवळजवळ शून्यावर आणली. राजपुत्र पडू लागला की एलिका ही सोबतीण दर वेळी हात देऊन त्याला वर ओढते. तो मरतच नाही. खेळणाऱ्यांनी कुरकूर केली की हे फार सोपे झाले. आमच्या मते सोपेपणा हे त्या कुरकुरीचे खरे कारण नव्हे. २००३ साली खेळणारा स्वतः कळ दाबत होता, आणि कोणत्या क्षणापर्यंत मागे जायचे हे त्यालाच ठरवावे लागत होते. उडी चुकली ती टोकावर पाय घसरल्यामुळे, की त्याआधीच धाव उशिरा सुरू केल्यामुळे? याचे उत्तर शोधल्यावाचून बोट योग्य जागी उचलता येत नसे. एलिका हा शोधच काढून घेते. ती राजपुत्राला शेवटच्या भक्कम जमिनीवर आणून सोडते, झाले.

२०२४ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे तयार झालेला 'द लॉस्ट क्राउन' पुन्हा पहिल्या भागासारखा बाजूने दिसणारा झाला, आणि त्याने एक साधी पण हुशार सोय दिली. ज्या दारातून आज जाता येत नाही, त्याचे चित्र काढून खेळणाऱ्याने नकाशावर चिकटवून ठेवायचे. पुढे नवे सामर्थ्य मिळाले की नकाशा उघडून अडलेल्या जागा पाहायच्या. न सुटलेल्या गणितांपुढे वहीत खूण करून ठेवणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

पुण्याच्या वाट्याला आलेला राजपुत्र

आता महाराष्ट्राकडे. युबिसॉफ्टने २००८ साली पुण्यात आपली शाखा उभारली आणि २०१८ साली मुंबईत दुसरी. बाहेर घडलेले खेळ दुसऱ्या यंत्रांवर उतरवणे, त्यांची चाचणी घेणे, मोठ्या खेळांच्या तुकड्यांवर काम करणे, अशी या मंडळींची वाटचाल होती. १० सप्टेंबर २०२० रोजी जाहीर झाले की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवला जात आहे आणि त्याची सूत्रे पुणे व मुंबईकडे आहेत. कंपनीच्या भारतीय शाखांनी पुढे राहून केलेले एवढे मोठे काम हे पहिलेच. भारतातल्या महालात सुरू होणारी गोष्ट भारतात घडणार होती. त्यासाठी वापरलेली मूलभूत आज्ञावली होती 'असॅसिन्स क्रीड'ची, म्हणजे राजपुत्राच्याच वंशजाची.

पहिली चित्रफीत दिसली आणि टीका सुरू झाली. चेहरे निर्जीव, प्रकाश सपाट, हे २०२० सालचे वाटत नाही. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची अनिश्चित काळावर. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आपल्या कामाची मोठी फेररचना करताना हा खेळच रद्द केला.

त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण जुना खेळ पुन्हा घडवणे हे पुढचा भाग घडवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे टीका करणारे विसरले. पुढच्या भागाची तुलना मागच्या भागाशी होते. पुन्हा घडवलेल्या खेळाची तुलना होते ती लोकांच्या आठवणीतल्या खेळाशी, आणि आठवणीतले चित्र प्रत्यक्षापेक्षा दर वर्षी थोडे अधिक उजळ होत जाते. शिवाय साथीच्या वर्षात घरोघरी बसून काम करणाऱ्या चमूला पहिल्याच मोठ्या परीक्षेत जगापुढे उभे केले गेले. मेकनरने पहिल्या राजपुत्रावर चार वर्षे घालवली, आणि त्यातली काही वर्षे तर हे काम सोडून चित्रपटाकडे वळावे काय या विचारात गेली, हे त्याच्या प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत वाचायला मिळते. पुण्या-मुंबईच्या चमूला मागे फिरवायची कळ मिळाली नाही.

पहिल्या राजपुत्राची मूळ आज्ञावली हरवली असे मेकनर कित्येक वर्षे समजत होता. २०१२ साली त्याच्या वडिलांच्या कपाटात जुन्या फ्लॉपींचे खोके सापडले. चुंबकीय नोंदी इतक्या वर्षांत पुसट होतात, म्हणून जाणकारांनी फार जपून त्या वाचल्या. त्यानंतर मेकनरने ती सारी आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. ती ६५०२ च्या यंत्रभाषेजवळच्या भाषेत आहे, त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलांनाही ती एकदम कळणार नाही. पण ओळ सरकवून तिची स्वतःशीच तुलना करण्याचा तो खेळ चौकटीच्या वहीत एका तासात होतो. राजपुत्राऐवजी चादरीवरचा मोर घेतला तरी चालेल.